दोन दारांची गाडी आणि सासऱ्यांचा पाय

माझ्या गाडीबद्दल मी एक गोष्ट आजवर छातीठोकपणे सांगत आलो आहे. ती कुठेही शिरते. वयाने ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, दारं दोनच, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले, आणि उंची इतकी बेताची की पार्किंगमध्ये तिला शोधायचं तर आधी बाकीच्या गाड्यांच्या पलीकडे डोकवावं लागतं. पण दोन स्कूटरींच्या मध्ये जेवढी जागा उरते तेवढ्यात मी ती लावून दाखवली आहे. लोक बघत उभे राहतात. मी उतरतो, किल्ली बोटावर फिरवतो आणि मागे न बघता चालू लागतो.

माझा साडू या गाडीला साबणदाणी म्हणतो.

साडूची गाडी वेगळ्या जातीची आहे. डोंगर, नदी, वाळू, चिखल, काहीही आडवं आलं तरी ही गाडी पार करते, असं तिच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. साडू लिफ्ट विकणाऱ्या कंपनीत असल्यामुळे त्याच्या आयुष्यात डोंगर किंवा नदी फारशी येत नाही. घर ते ऑफिस अकरा किलोमीटर, आणि सगळा रस्ता गुळगुळीत. तरीही त्याने तिला मूळच्यापेक्षा मोठे टायर बसवून घेतले, टपावर लोखंडी कॅरियर टाकला आणि पुढे तार गुंडाळलेलं एक चक्र लावलं. चिखलात रुतलेल्यांना ओढून काढण्यासाठी. अजून त्याच्यासमोर कोणी रुतलेलं नाही. तो वाट बघतोय. या गाडीला मी गोदाम म्हणतो. अर्थात घरातल्या घरात.

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्याच्या लिखाणातल्या चुका काढणं हा माझा धंदाच आहे. त्यामुळे गेल्या वर्षी मी दोन्ही गाड्यांची तुलना करणारा सतरा कलमी तक्ता तयार केला आणि सगळी मंडळी जमलेली असताना टेबलावर ठेवला. सतरापैकी पंधरा कलमांत साबणदाणी पुढे होती. पावसात आत पाणी न येणं आणि दोन्ही आरसे शाबूत असणं, ही उरलेली दोन कलमं मी मोठ्या मनाने गोदामाला देऊन टाकली होती. साडूने तक्ता वाचला आणि घडी घालून चहाच्या कपाखाली ठेवला.

सासऱ्यांनी मात्र तो कपाखालून काढून नीट वाचला. सासरे वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते. शहरातल्या एकेका दुकानदाराचा काटा त्यांनी तपासलेला. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी अजून ते पावाची लादी हातात घेतली की डोळे मिटून वजन सांगतात, आणि ते बरोबर निघतं. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘प्रत्यक्ष चाचणी न घेता केलेल्या नोंदी ग्राह्य नाहीत.’ सासरे आम्हा दोघांनाही जावईबापूच म्हणतात, त्यामुळे कौतुक कोणाचं आणि खरडपट्टी कोणाची हे कळायला नेहमी थोडा वेळ लागतो. त्या दिवशी लागला नाही.

चाचणीची वेळ यंदा आली. ती अशी.

एका दुकानातला काटा पातळीत आहे की नाही, हे वाकून बघताना सासरे पायरीवरून घसरले आणि त्यांची उजवी नडगी मोडली. हाडांच्या डॉक्टरांनी मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले. आमच्या घराला जिना नाही म्हणून सासरे आमच्याकडे राहायला आले. पडल्या पडल्या त्यांनी घरातली सगळी घड्याळं मिळवून घेतली.

पाचव्या आठवड्यात शहराच्या संग्रहालयातून पत्र आलं. तिथे वजनमापांचं नवं दालन उघडणार होतं आणि त्यात मध्यभागी ठेवली जाणार होती ती पेटी. ती पेटी म्हणजे काय, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत आहे. सागवानी पेटी, आत मखमल, मखमलीत पितळेची प्रमाण वजनं. शहरातलं प्रत्येक वजन खरं की खोटं, हे त्या वजनांशी ताडून ठरायचं. एकतीस वर्षं ती सासऱ्यांच्या ताब्यात होती. हातमोजे घातल्याशिवाय त्यांनी कोणाला तिला हात लावू दिला नव्हता, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांनी ती पाहिलीही नव्हती. उद्घाटनाला त्यांनी पेटीबद्दल दहा मिनिटं बोलावं, अशी विनंती होती. गुरुवारी सकाळी अकरा वाजता.

सासऱ्यांनी भाषण लिहून काढलं, माझ्याकडून तपासून घेतलं (एक अनुस्वार निघाला, तो त्यांना लागला), आणि पाठ केलं. रोज घड्याळ लावून म्हणायचे. एकदा ते नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत संपलं, तर त्यांनी दोन वाक्यं वाढवली.

आता प्रश्न एवढाच होता की त्यांना न्यायचं कोणत्या गाडीतून. माझं मत ठरलेलं होतं. साडूचंही.

गुरुवारी नऊ वाजताच साडू गोदाम घेऊन हजर झाला. अंगावर कोट, सोबत माझी मेव्हणी. तो म्हणाला की बाबांना आरामात बसवून नेऊ, आत पलंग मावेल एवढी जागा आहे. मी बाजूला सरकलो. चाचणी होऊ दिली.

सासऱ्यांनी कुबड्यांवर उभं राहून आधी टेप मागवली. जमिनीपासून गोदामाच्या सीटपर्यंतची उंची भरली एकशे चार सेंटिमीटर. मग त्यांनी स्वतःच्या धडक्या पायाची उंची मोजायला लावली. ती भरली शहात्तर.

“अठ्ठावीस सेंटिमीटरांचा फरक आहे,” ते म्हणाले. “हा कोण भरून काढणार?”

साडूने जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली. तिच्यावर सासऱ्यांना चढवायचं, तिथून मागे सरकवत सीटवर बसवायचं, असा बेत होता. चढवलं. मी एका बाजूने, साडू दुसऱ्या बाजूने. सासरे अर्धे सीटवर आले, पण प्लास्टरचा पाय काही वाकेना. तो तोफेसारखा सरळ दारातून बाहेर. दार लावायचं तर पाय आत हवा, पाय आत घ्यायचा तर गुडघा वाकायला हवा. आयुष्यभर लोकांना तिसऱ्या, सातव्या, अकराव्या मजल्यावर पोहोचवणारा माझा साडू एका म्हाताऱ्या माणसाला अठ्ठावीस सेंटिमीटर वर नेऊ शकत नव्हता. मला आनंद झाला, हे मी नाकारत नाही.

शेवटी त्याने सुचवलं की मागचं दार उघडून बाबांना सामानाच्या जागेत आडवं करू.

“मी सामान नाही,” सासरे म्हणाले. गोदामाची चाचणी तिथे संपली.

आता माझी पाळी. माझी तयारी आदल्या दिवशीच झाली होती. साबणदाणीची पुढची डावी सीट मी पाने घेऊन चार बोल्ट काढून बाहेर काढली होती आणि हॉलमध्ये ठेवली होती. त्यामुळे सासऱ्यांनी मागच्या सीटवर बसायचं आणि पाय समोर थेट डॅशबोर्डपर्यंत लांब करायचा. सिनेमाच्या थिएटरातही मिळत नाही एवढी ऐसपैस जागा. गाडी मी फाटकाबाहेरच्या उंच फुटपाथला अगदी चिकटवून लावली, म्हणजे फुटपाथ आणि गाडीची बैठक एका पातळीत आली. सासरे फुटपाथवर ठेवलेल्या उशीवर टेकले, मागे सरकले आणि सरकत सरकत आत गेले. दीड मिनिट लागलं. मी दार लावलं. ते लागलंसुद्धा.

“शिरलो,” आतून सासरे म्हणाले.

मी साडूकडे बघितलं. तो टायरकडे बघत होता.

आमची ही आणि मेव्हणी, दोघी बहिणी गोदामात बसल्या, कारण साबणदाणीत आता दुसऱ्या कोणाला जागा नव्हती. आम्ही पुढे, ते मागे. वाटेत सासरे भाषण पुटपुटत होते. संग्रहालयाच्या अलीकडे रस्त्यात एक गतिरोधक आहे. तो रंगवलेला नाही. माझ्या तो लक्षात आला, पण चाकांच्या आधी नाही. गाडी उडाली, सासरे उडाले, मागून ‘अं’ असा आवाज आला. मी विचारलं, बाबा, लागलं का? ते म्हणाले, लागलं नाही, भाषणातला तिसरा परिच्छेद पुन्हा सुरू करावा लागेल. मी निर्धास्त झालो.

संग्रहालयाच्या प्रवेशद्वारावर उंचीचा लोखंडी दांडा आहे. त्यावर लिहिलंय, दोन मीटर दहा. साबणदाणी त्याखालून गेली तेव्हा वर आणखी एक साबणदाणी मावली असती. गोदाम टपावरच्या कॅरियरसकट दांड्यापुढे येऊन थांबलं. डोंगर, नदी, वाळू, चिखल. पण दांड्याबद्दल माहितीपत्रकात काही नसावं. साडूला गाडी उलटी घेऊन तीनशे पावलांवर रस्त्याकडेला लावावी लागली. आरशात हे सगळं बघताना मी जरा हळूच चालवत होतो.

आतल्या रखवालदाराने माझी गाडी बघितली, तोंडभर हसला आणि हात दाखवून म्हणाला, “इकडे, इकडे. छपराखाली घ्या. सावकाश.”

असा मान मला आजवर कुठल्याही पार्किंगमध्ये मिळालेला नव्हता. त्याने मला अंगणातल्या लांब छपराखाली नेलं. एका बाजूला जुना आगीचा बंब होता, दुसऱ्या बाजूला रस्ते दाबायचा वाफेचा रूळ. मला वाटलं, पाहुण्यांची जागा असेल. मी गाडी लावली, सासऱ्यांना म्हटलं, पाचच मिनिटं बसा, चाकांची खुर्ची घेऊन येतो. ते भाषणाचा शेवट म्हणत होते, डोळे मिटून. त्यांनी हात केला.

चाकांची खुर्ची मिळायला पाच नाही, पंधरा मिनिटं लागली. तीही वरच्या मजल्यावर, कोणाच्या तरी फायलींखाली. ती ढकलत मी अंगणात आलो तर छपराखाली गर्दी होती. साबणदाणीच्या चारी बाजूंना लाल दोरी बांधलेली. समोर लाकडी स्टँडवर पाटी, क्रमांक चौदा. उद्घाटनासाठी आलेले लोक दोरीला टेकून आत डोकावत होते.

“बोटांवरची नखंसुद्धा केलीत बघा,” एक बाई सोबतच्या बाईला सांगत होती.

“मेणाचा आहे,” शेजारचा माणूस म्हणाला. “म्हणून तर छपराखाली ठेवलाय.”

सासरे मागच्या सीटवर ताठ बसलेले, डोळे मिटलेले, पांढरा पाय समोर लांब केलेला, ओठ अगदी किंचित हलताहेत. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही शंका आली. एका गृहस्थांनी दोरीखालून हात घालून खिडकीतून सासऱ्यांच्या कोटाची बाही चिमटीत धरली.

“हात लावू नका,” सासरे डोळे न उघडता म्हणाले.

त्या गृहस्थांना नंतर पाणी द्यावं लागलं.

मी दोरी सोडली, पाटी बाजूला केली, माफी मागितली आणि दार उघडलं. दोघी बहिणी आणि साडू तोवर चालत येऊन पोहोचले होते. म्हटलं, बाबा, या आता बाहेर. सासऱ्यांनी सीटवर दोन्ही हात टेकले आणि जोर केला. काही झालं नाही. पुन्हा केला. मग ते म्हणाले, “जावईबापू, पाय कुठे गेलाय बघा.”

मी वाकून बघितलं. या जुन्या गाड्यांना डॅशबोर्डखाली एक पत्र्याचा कप्पा असतो, वर्तमानपत्र वगैरे ठेवायला. गतिरोधकावर गाडी उडाली तेव्हा सासऱ्यांचं प्लास्टरचं पाऊल त्या कप्प्यात जाऊन बसलं होतं. नुसतं बसलं नव्हतं, ठोकल्यासारखं बसलं होतं. ते काढायचं तर पाय चार इंच मागे घ्यायला हवा. पाय मागे घ्यायचा तर गुडघा वाकायला हवा, नाही तर सासऱ्यांनी चार इंच मागे सरकायला हवं. मागे सीट होती. सीट काढता आली असती, पण सासरे सीटवर होते.

कप्पा गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेला होता. त्या काळचं काम, पक्कं. माझ्या तक्त्यातलं हे सहावं कलम होतं.

आम्ही सासऱ्यांना डावीकडे तिरपं केलं. उजवीकडे तिरपं केलं. पत्र्यावर साबणाचं पाणी ओतलं, ते सासऱ्यांच्या दुसऱ्या पायातल्या बुटात गेलं. घड्याळात दहा चाळीस झाले होते. माझ्या साडूने मान वळवून फाटकाकडे बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज चढलं, आणि मला कळलं की तो कशाचा विचार करतोय.

“माझ्या गाडीची तार आणू का?” त्याने विचारलं.

“कशाला बांधणार?” मी म्हणालो.

“सीटला. मागून हलकेच ओढायचं. चारच इंच.”

“आणि सीटवर बाबा आहेत त्याचं काय?”

“तेही येतील ना, चार इंच.”

सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं ज्या नजरेने त्यांनी पोकळ वजनं ओळखली, ती नजर. साडूने विषय सोडला. शिवाय तार दांड्यापलीकडे तीनशे पावलांवर होती.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई धावत आल्या. समंजस बाई होत्या. त्यांनी सगळं बघून घेतलं, हसू गिळलं, आणि सांगितलं की काळजी करू नका, बिनतारी माइक इथे आणते, आपण गाडीतून बोला, आत सगळ्यांना ऐकू जाईल. मला ही कल्पना आवडली. सासऱ्यांना नाही.

“पेटी समोर नसताना मी पेटीबद्दल काय बोलू?” ते म्हणाले.

बाईंनी सांगितलं की पेटी काचेच्या कपाटात सीलबंद झाली आहे आणि ती दालनाबाहेर आणायला त्यांनाही परवानगी नाही. सासऱ्यांनी मान हलवली. नियम तोच असायला हवा, असं म्हणाले. मग त्यांनी भाषणाचा कागद काढला, घडी उलगडली, परत घातली आणि मांडीवर ठेवला. इतके दिवस पलंगावर पडून या माणसाने एकदाही कुरकूर केली नव्हती. आताही केली नाही. ते फक्त समोरच्या काचेतून दालनाच्या दाराकडे बघत राहिले. ते दार गाडीपासून वीस पावलांवर होतं. किल्ली माझ्या हातात होती, पण बोटावर फिरवावीशी वाटेना.

आमच्या हिने एव्हाना हाडांच्या डॉक्टरांना फोन केला होता. त्यांचा दवाखाना पलीकडच्याच गल्लीत. पुढच्या दहा मिनिटांत ते आले, हातात प्लास्टर कापायची छोटी करवत, मदतनिसाकडे वॉकर. दारातून वाकून त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं:

“काल काढू या म्हणालो होतो, तेव्हा ऐकलं असतं तर?”

आम्ही चौघंही डॉक्टरांकडे बघायला लागलो. बुधवारी डॉक्टर घरी येऊन गेले होते हे खरं. फोटोत हाड छान जुळलंय, एवढं सासऱ्यांनी आम्हाला सांगितलं होतं. डॉक्टर प्लास्टर काढायला करवत घेऊन आले होते, हे सांगितलं नव्हतं.

“बाबा, काल?” ही म्हणाली.

“सहा आठवडे सांगितले होते,” सासरे म्हणाले. “सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. काल सदतिसावा होता. आज अडतिसावा आहे. सोमवारी बेचाळीस होतात.”

डॉक्टर म्हणाले की हाड जुळलं की जुळलं, ते दिवस मोजत बसत नाही. सासरे म्हणाले की हाड मोजत नसेल, मी मोजतो. जन्मभर दुकानदारांना कमी भरलं म्हणून पकडलं, आता स्वतःच्या पायाला कमी भरू? दहा पन्नास झाले होते. डॉक्टर करवत घेऊन उभे. दोघी लेकी समजावून थकल्या. साडू टपाकडे बघत होता.

मी खिडकीशी उकिडवा बसलो. मला एकदम आठवलं की त्यांच्याच तोंडून मी एकदा काही ऐकलं होतं. म्हटलं, “बाबा, तुमच्या खात्यात थोड्या कमी-जास्तीला सूट असायची ना?”

ते विचारात पडले. ओठ हलले. “बेचाळिसात चार म्हणजे साडेनऊ टक्के,” ते म्हणाले. मग आवाज खाली गेला. “साडेनऊ टक्के सूट मी कोळशालाही दिली नाही हो, जावईबापू.”

मी खिडकीशी तसाच बसून राहिलो, ते आत. मला वाटतं, आम्ही तसेच सोमवारपर्यंत बसलो असतो.

तेवढ्यात आतून लाउडस्पीकर खरखरला. कोणीतरी माइक तपासत होतं. एक दोन तीन, एक दोन तीन. मग त्या आवाजाने कार्यक्रमाचा कागद वाचून बघितला. “यानंतर मान्यवरांच्या हस्ते वजनांच्या जुन्या डब्याचं अनावरण...”

सासऱ्यांची मान वर आली.

“डबा?” ते म्हणाले.

लाउडस्पीकरने आमच्या सोयीसाठी पुन्हा एकदा सांगितलं. वजनांचा जुना डबा.

“डॉक्टर,” सासरे म्हणाले, “कापा.”

करवत सुरू झाली. मी खिडकीतून पाय धरला, साडूने पलीकडच्या दारातून वाकून खांदे धरले. प्लास्टर वरून गुडघ्याखालपर्यंत उघडलं, डॉक्टरांनी हलक्या हाताने गुडघा जरासा वाकवला, आणि पाऊल त्या कप्प्यातून असं निघालं जसं काही ते तिथे कधी नव्हतंच. उरलेलं प्लास्टरही डॉक्टरांनी उतरवलं. पाय बारीक झाला होता, पांढराफटक. सासऱ्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाले, “चार दिवस कमी, रुग्णाच्या संमतीने. असं लिहून द्या.” डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर तसं लिहून सही केली. त्यानंतरच सासरे बाहेर आले.

अकराला दोन मिनिटं कमी असताना चाकांची खुर्ची दालनात शिरली. पेटीसमोर त्यांनी खुर्ची थांबवायला लावली, वॉकर मागितला आणि उभे राहिले. डॉक्टर हात पुढे करून मागे उभे राहिले. सासऱ्यांनी कागद काढलाच नाही. पहिलं वाक्य बोलले ते भाषणात नव्हतं. “ही पेटी आहे,” ते म्हणाले. “डबा नाही.” पुढे सगळं जसंच्या तसं. शेवटी त्यांनी बाईंना काहीतरी हळूच विचारलं. बाईंनी क्षणभर विचार केला, सील काढलं, हातमोजे त्यांच्यापुढे धरले. सासऱ्यांनी ते घातले. मखमलीत एक छोटं वजन किंचित तिरपं बसलं होतं. ते त्यांनी बोटाने सरळ केलं आणि हात मागे घेतला. बस, एवढंच. माझ्या शेजारी साडू नाक पुसत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण मग त्यानेही माझ्याकडे बघितलं असतं.

कार्यक्रम आटोपल्यावर मी साबणदाणीचं दार उघडून उभा राहिलो. साडू म्हणाला की आता पाय वाकतोय तर खुर्चीवरून गोदामात चढायला काहीच हरकत नाही. डॉक्टर म्हणाले की पायाचा पुन्हा फोटो काढायला हवा, मी दवाखान्यातच चाललोय, माझ्याबरोबर चला. त्यांची गाडी करड्या रंगाची, चार दारांची, रस्त्यावर दहांतल्या सात असतात तशी. सासरे बसले, पाय आत घेतला आणि दार लावलं. कोणाला हात लावावा लागला नाही. दोघी लेकी मागे बसल्या, वडिलांना एकटं कसं सोडायचं म्हणून. खिडकीची काच खाली झाली.

“सीटची उंची पंचावन्न असावी,” सासरे आम्हा दोघांकडे बघत म्हणाले. काच वर गेली आणि गाडी निघून गेली.

अंगणात मी आणि साडू उरलो. सकाळपासून आम्ही तुलनेबद्दल जे काही बोलणार होतो, ते बोलायला आता कोणी ऐकणारंच नव्हतं. मी म्हटलं, “साडूभाऊ, चला, तुम्हाला तुमच्या गाडीपर्यंत सोडतो.” तो नको म्हणाला नाही. दमला होता. पुढे सीट नसल्यामुळे तो मागे बसला, पाय लांब केले, कोट सारखा केला आणि म्हणाला की तशी वाईट नाही ही.

आम्ही प्रवेशद्वाराशी आलो. रखवालदार बदलला होता. त्याने पुढे मला बघितलं, मागे कोट घालून ऐसपैस बसलेल्या माझ्या साडूला बघितलं, आणि खाडकन सलाम ठोकला. मला नाही. मग मला म्हणाला, “जरा बाजूने घे रे, साहेबांना धक्का लागेल.” साडूने मागून दोन बोटं उचलून सलाम घेतला.

तीनशे पावलं मी गाडी बाजूने घेतच चालवली. गोदामापाशी मी गाडी थांबवली. उतरलो. त्याच्यासाठी दार उघडलं, कारण आतून ते उघडत नाही, हे सतरा कलमांत कुठे आलेलं नाही. साडू उतरला, कोट झटकला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “उद्या नऊला ये.”

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्या तोंडून ‘बरं, साहेब’ निघून गेलं.